कानाखालची गाठ, पॅरोटिडचं ऑपरेशन आणि चेहऱ्याची नस

ओवी_म

नमस्कार मंडळी,

आईच्या डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाला लागून एक गाठ आहे. दुखत नाही, बोटाने सरकते. बरीच वर्षं आहे, पण आता समोरच्यालाही दिसण्याइतकी वाढली आहे. सोनोग्राफी, एमआरआय आणि सुईची तपासणी झाली. निदान 'प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा', म्हणजे पॅरोटिड या लाळग्रंथीतली साधी गाठ, कॅन्सर नाही. सर्जननी ऑपरेशन करून काढायला सांगितलंय.

संमतीपत्रात 'चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता' असं एक वाक्य आहे आणि आईच्या मनात तेवढंच घर करून बसलंय. ती गाणं शिकवते. "दुखत नाही ती गाठ काढायला जायचं आणि तोंड वाकडं करून घरी यायचं, हे कशासाठी?" असं ती विचारते. माझं मत ऑपरेशन करावं असंच आहे, पण तिला रेटून न्यायचं नाही. तिने समजून उमजून हो म्हणावं.

तर प्रश्न असे: हे ऑपरेशन कुणी करून घेतलंय का? नसेचं पुढे काय झालं? न करता थांबणं कितपत बरोबर? आणि सर्जनना नेमकं काय विचारावं?

---

वाटसरू_७

दुखत नसेल तर कशाला हात लावायचा? साधी गाठ आहे असं रिपोर्टच सांगतोय. माझ्या ओळखीत एकांनी अशी गाठ आयुष्यभर वागवली, काही झालं नाही. या वयात भूल, टाके, सगळं नकोच.

---

भिंगरी

वाचतेय. आईंना शुभेच्छा.

---

निळीशाई

ओवी, माझं हेच ऑपरेशन झालंय, उजव्या बाजूचं. थोडं सविस्तर लिहिते.

चीर कानाच्या पुढून सुरू होऊन पाळीखालून वळते आणि मानेच्या घडीत उतरते. व्रण आता शोधावा लागतो. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा सर्जन आले आणि म्हणाले, भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, ओठांचा चंबू करा. बाकी सगळं जमलं, पण खालच्या ओठाची उजवी बाजू खाली येईना. हसले की ओठ तिरका. पाणी पिताना त्या कोपऱ्यातून ओघळायचं, चूळ भरताना तर हमखास. सर्जनना काळजी वाटत नव्हती, कारण नस अखंड आहे हे त्यांनी ऑपरेशनच्या शेवटी तपासलं होतं. हळूहळू सगळं जागेवर आलं.

मला कुणी नीट सांगितलं नव्हतं ते वेगळंच: कानाची पाळी बधिर होते. कानातलं घालताना आपण दुसऱ्याच कुणाच्या कानात घालतोय असं वाटतं. थंडीत फोन कानाला लावला तरी कळत नाही. केस वाळवायचं यंत्र त्या बाजूला धरताना जपून, चटका बसला तरी जाणवत नाही. पाळीचा वरचा भाग पुष्कळसा परत आला, खालचं टोक अजून बधिरच आहे. त्याची सवय झाली, पण आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

कातळ

आमच्या काकांचं असंच सकाळी उठल्यावर तोंड वाकडं झालं होतं. वारं गेलं म्हणून सगळे घाबरले. गोळ्यांनी बरे झाले. तेव्हा आईंना सांगा, घाबरू नका, ही नस बरी होते.

---

शल्यक

मी कान-नाक-घसा सर्जन आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत, म्हणून लिहितो. रुग्ण न पाहता लिहितोय, हे गृहीत धरा.

चेहऱ्याची नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या 12 जोड्यांपैकी सातवी. ती कानाच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून प्रवास करते, कानामागच्या हाडाखालच्या छिद्रातून बाहेर पडते आणि थेट पॅरोटिड ग्रंथीत शिरते. तिथे झाडाच्या फांद्यांसारखी पसरून तिच्या मुख्य पाच शाखा होतात: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. गंमत अशी की या नसेचं ग्रंथीशी काहीही काम नाही. लाळ तयार करण्याचा हुकूम पॅरोटिडला दुसऱ्याच नसेकडून मिळतो. सातवी फक्त तिच्या पोटातून जाते. तरीही गाठ काढायची तर आधी नस शोधावीच लागते.

कातळ यांच्या काकांना झाला तो बहुधा बेल्स पाल्सी. त्यात नस हाडाच्या बोगद्यात सुजते आणि दबते. ऑपरेशनमध्ये नस ताणली जाते, तिच्या भोवतालचा भाग सोडवला जातो, क्वचित कापली जाते. कारणं वेगळी, बरं होण्याचे मार्ग वेगळे.

आता ओवी यांच्या प्रश्नाकडे. पॅरोटिडच्या दर दहा गाठींपैकी साधारण आठ साध्या असतात. पण प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा ही साधी असूनही सोडून देण्यासारखी गाठ नव्हे. ती वाढत राहते आणि जितकी वर्षं राहील तितकी तिच्यात कॅन्सर उद्भवण्याची शक्यता वाढते. पहिल्या 5 वर्षांत ती अगदी कमी, 15 वर्षांनंतर दहा टक्क्यांच्या आसपास, असं पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. शिवाय मोठी गाठ नसेला पसरवून पातळ करते, मग ती सोडवणं अवघड. म्हणून वाटसरू, तुमच्याशी असहमत.

---

वाटसरू_७

डॉक्टर, मग माझ्या ओळखीच्या त्या गृहस्थांना त्यांच्या डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं होतं, ते कसं?

---

शल्यक

वाटसरू, त्यांची गाठ वॉर्थिनची असू शकेल. ती धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसते, कधी दोन्ही बाजूंना होते, कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ. वय जास्त असेल, हृदय किंवा फुप्फुसं नाजूक असतील, तर वॉर्थिनची गाठ नजरेखाली ठेवणं हा योग्यच सल्ला. म्हणून सुईच्या तपासणीत नाव काय आलंय यावर सगळं अवलंबून. 'गाठ आहे' एवढ्यावरून कुणीच मत देऊ नये.

---

रेघोट्या

डॉक्टर, फक्त गाठ तेवढी उकरून काढता येत नाही का? पूर्वी तसं करायचे ना? मग नसेला हात लावायलाच नको.

---

शल्यक

करायचे, आणि त्याचे परिणाम पुढच्या पिढीतल्या सर्जननी निस्तरले. या गाठीचं आवरण कच्चं असतं. गाठ उकरताना ते फाटलं की आतले कण पसरतात आणि कित्येक वर्षांनी एका गाठीच्या जागी दाण्यांसारख्या अनेक गाठी उगवतात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये व्रणाच्या चिवट जाळ्यात नस शोधायची म्हणजे धोका कितीतरी जास्त. पहिलं ऑपरेशन हीच खरी संधी. गाठीभोवती निरोगी ग्रंथीचा थोडा भाग ठेवून ती आवरणासकट काढायची. सगळा वरचा भाग काढावा की थोडकाच, यावर सर्जनमध्ये मतभेद आहेत, पण आवरण फुटू द्यायचं नाही यावर नाहीत.

---

सांजवेळ

जरा अवांतर होईल, पण कातळ यांनी विषय काढलाय म्हणून. मला बेल्स पाल्सी झाली होती. आदल्या रात्री कानामागे दुखत होतं, सकाळी दात घासताना पाणी तोंडात ठरेना. जिभेच्या एका बाजूची चव गेली, एका कानाला साधे आवाजही कर्कश वाटायला लागले. घरच्यांना वाटलं मेंदूचा झटका. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं काय केलं, तर कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. त्या बाजूला एकही आठी पडली नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, हे बहुतेक नसेचं आहे.

---

शल्यक

सांजवेळ यांनी सांगितलेली खूण महत्त्वाची आहे. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा वाचतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. नस स्वतः बिघडली तर कपाळासकट अर्धा चेहरा जातो. मात्र हे घरी ठरवत बसू नका. तोंड वाकडं झालं आणि सोबत हात-पाय लुळा, बोलणं अडखळतं, तोल जातो, असं काहीही असेल तर तडक मोठ्या रुग्णालयात.

आणि बेल्स पाल्सीत स्टिरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हवं. 2007 मध्ये स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी 94.4 टक्के लोक 9 महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी 81.6 टक्के. निव्वळ विषाणूविरोधी गोळ्यांचा फायदा त्यात दिसला नाही. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड असतील तर मात्र तो रॅमसे हंट, नागिणीच्या विषाणूमुळे होणारा, आणि त्याला दोन्ही औषधं लागतात.

---

कातळ

काकांना गोळ्यांबरोबर चेहऱ्याला करंटचा शेकही दिला होता. त्यानेच फरक पडला असं ते अजून सांगतात.

---

पाऊलखुणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चेहऱ्याचे रुग्ण बरेच पाहते. कातळ, काका बरे झाले याचा आनंदच आहे, पण श्रेय करंटला देता येणार नाही. बेल्स पाल्सीचे दहातले सुमारे सात रुग्ण काहीही उपचार न करताही पूर्ण बरे होतात. करंटने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही.

मला चिंता वेगळ्या गोष्टीची असते. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने. वाढताना तिचे धागे चुकीच्या स्नायूंकडे जाऊ शकतात. मग हसायला गेलं की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की तोंडाचा कोपरा खेचला जातो. याला सिंकायनेसिस म्हणतात. लोक उत्साहाने आरशासमोर जोर लावून गाल फुगवतात, च्युइंगम चघळतात, जेवढं जमेल तेवढं ताणतात. पण जोर लावला की चेहरा एकदम, सगळा मिळून हलायला शिकतो, आणि तीच सवय मोडायला नंतर फार वेळ जातो. माझ्याकडे व्यायाम असतो तो हळू आणि छोटा. आरशात बघत ओठाचा कोपरा जरासा उचलायचा, डोळा हलायला लागला की तिथेच थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललं नाहीये.

---

कातळ

हे माहीत नव्हतं. काकांचा डोळा हसताना खरंच मिटतो. आता काही करता येईल?

---

पाऊलखुणा

हो, उशिराही करता येतं. अशा व्यायामाने बराच फरक पडतो आणि गरज असेल तर आखडलेल्या स्नायूंत बोटॉक्सची अगदी कमी मात्रा देतात. त्यांना चेहऱ्याचं काम करणाऱ्या फिजिओकडे न्या.

---

सांजवेळ

एक मुद्दा राहिला: डोळा! तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरा धोका डोळ्याला. मला वाटायचं डोळा मिटतोय, पण मुलीने झोपेत पाहिलं तर पांढरी फट दिसत होती. दिवसा थेंब, रात्री मलम, आणि पापणी नीट मिटवून मगच वर वैद्यकीय चिकटपट्टी. पापणी अर्धी उघडी असताना पट्टी लावली तर तीच बुबुळाला घासते. पंख्याचा वारा तोंडावर घ्यायचा नाही.

---

शल्यक

+1. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा धुरकट दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. नस लवकर परतणार नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं छोटं वजन बसवतात, त्याच्या भाराने पापणी खाली येते.

---

अबोल_२

इथे सगळे बरे झालेलेच लिहितायत, म्हणून मी लिहितो.

माझी गाठ कॅन्सरची होती आणि नसेला वेढून बसलेली. ऑपरेशनच्या आधीच चेहरा ओढला जात होता. नस वाचवता आली नाही. सर्जननी हे आधी समोर बसून, कागदावर आकृती काढून सांगितलं होतं. पायाच्या पोटरीतली एक संवेदनेची नस काढून तिथे जोडली. नंतर रेडिएशन झालं. कपाळ आलं नाही, ते येणार नाही हे माहीत होतं. डोळ्याचं वजन बसवलंय. गाल आणि ओठ काही प्रमाणात आले, बाकी बसून राहिलं.

त्रास हलण्याचा नव्हता एवढा, लोकांच्या बघण्याचा होता. समोरचा माणूस माझ्या चांगल्या बाजूशी बोलायचा. फोटो काढताना मला कडेला उभं करायचे. मी विनोद ऐकून हसलो तरी लोकांना वाटायचं मला आवडला नाही. हे इतकं वाढलं की मी बोलणंच सोडलं, या आयडीचं नाव तेव्हाचं आहे. मला समुपदेशनाचा फार उपयोग झाला. कुणाच्या घरी असा माणूस असेल तर त्याच्या पूर्ण चेहऱ्याकडे बघून बोला.

---

भिंगरी

अबोल, लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. पुढे काही करता येत नाही का? मांडीतला स्नायू घेऊन चेहऱ्यावर बसवतात असं वाचलं होतं.

---

शल्यक

येतं. अबोल यांच्या सर्जनना नेमकं काय शक्य आहे ते माहीत असेल, मी सर्वसाधारण सांगतो. नस तुटल्यावर चेहऱ्याचे स्नायू कायम वाट बघत नाहीत. साधारण दीड वर्षानंतर ते इतके सुकतात की नवी नस जोडून उपयोग होत नाही. त्याच्या आत असेल तर चावण्याच्या स्नायूची किंवा जिभेची नस वळवून चेहऱ्याला जोडता येते. उशीर झाला तर मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट आणून गालात बसवतात. जपानमध्ये हारी यांनी 1976 मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणून नस कापली गेली असेल तर 'बघू, येईल' म्हणत वर्ष घालवू नये.

---

अबोल_२

माझी ग्रॅसिलिसबद्दल चर्चा चालू आहे. ठरलं की वेगळा धागा काढेन.

---

खडूफळा

माझं पॅरोटिडचं नाही, पण मानेचं ऑपरेशन झालं. गळ्यातल्या गाठी काढल्या. चेहरा ठीक, पण हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. तीही नसच म्हणे.

---

शल्यक

अकरावी, खांदा उचलणारी. ती मानेतल्या गाठींमधूनच जाते. जुन्या पद्धतीत ती सरसकट काढली जायची, आता शक्य तितकी जपतात, तरी ताणली जाते. खांद्याचा व्यायाम लवकर सुरू न केल्यास सांधा आखडतो आणि मग नस बरी झाली तरी हात वर जात नाही. तसंच थायरॉइडमध्ये आवाजाची नस. प्रत्येक ऑपरेशनची आपापली नस असते आणि ती कोणती हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

---

रेघोट्या

आता मीही सांगतो. माझं पॅरोटिड काही वर्षांपूर्वी झालं, नस ठणठणीत. पण जेवायला बसलो की कानापुढचा गाल लाल होतो आणि घाम फुटतो. आंबट काही असेल तर विचारूच नका. पुतण्या म्हणतो, "काका, तुझ्या गालाला भूक लागली!"

---

शल्यक

रेघोट्या, पुतण्याचं निदान बरोबर आहे! फ्रे सिंड्रोम. लाळेचा हुकूम घेऊन जाणारे तुटलेले धागे त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. पोलंडच्या न्यूरॉलॉजिस्ट लुत्सिया फ्रे यांनी 1923 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. फार त्रास असेल तर त्वचेत बोटॉक्स देतात, काही महिने आराम पडतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. त्रास नसेल तर रुमाल पुरे.

---

ओवी_म

सगळ्यांचे आभार. आईला हा धागा वाचून दाखवला. अबोल यांचं लिहिणं तिने मला दोनदा वाचायला लावलं. सर्जनकडे जायच्या आधी ती स्वतःच प्रश्न लिहून काढतेय. डॉक्टर, नेमकं काय विचारावं हे तेवढं सांगाल का?

---

शल्यक

गाठ नसेच्या वरच्या भागात आहे की खालच्या, हे एमआरआयवर दाखवायला सांगा. तुम्ही पॅरोटिडची ऑपरेशनं नेहमी करता का, आणि तुमच्या रुग्णांत तात्पुरता आणि कायमचा अशक्तपणा किती जणांना आला, हे स्पष्ट विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. तात्पुरता अशक्तपणा चार-पाचांत एकाला तरी येतोच, काही ठिकाणी जास्त. साध्या गाठीच्या पहिल्या ऑपरेशनात कायमचा फारच थोड्यांना.

नर्व्ह मॉनिटर वापरणार का, तेही विचारा. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया ठेवतात आणि नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं. त्यासाठी भूलतज्ज्ञांना स्नायू शिथिल करणारं औषध बेताने वापरावं लागतं. यंत्र सर्जनच्या हाताची जागा घेत नाही, पण मदत होते. पाळीच्या संवेदनेची नस वाचवता येईल का, हा निळीशाई यांच्या अनुभवावरून चौथा प्रश्न. आणि आई गातात हे आवर्जून सांगा. आवाजाला या ऑपरेशनाचा धोका नाही, ती नस वेगळी. पण ओठ काही काळ तिरका राहिला तर 'प' आणि 'ब' चे उच्चार थोडे सैल होऊ शकतात.

---

निळीशाई

आणि ऑपरेशनच्या आधी आईंचा हसताना, डोळे मिटताना, भुवया वर करताना व्हिडिओ काढून ठेव. नंतर तुलना करायला उपयोगी पडतो. आपला चेहरा मुळातच थोडा तिरका असतो हे आपल्याला ठाऊक नसतं!

---

ओवी_म

अपडेट: ऑपरेशन झालं. आई स्वतः सही करून गेली. गाठ आवरणासकट निघाली, पॅथॉलॉजीचा रिपोर्टही साधाच आला. सर्जननी नसेच्या सगळ्या शाखा शेवटी तपासल्या, चालू आहेत. खालचा ओठ डावीकडे जरा कमी उतरतो, डोळा पूर्ण मिटतो. पाळी बधिर आहे, पण ती तयारी होती. शिष्यांना तिने कळवलंय की तूर्तास 'प' वरून नापास करू नये.

---

पाऊलखुणा

छान बातमी! ओठासाठी घाईने व्यायाम नको. टाके सुकू दे, सर्जननी सांगितल्यावर हळू सुरू करा.

---

आडवाट

उशिरा आलो. सगळा धागा वाचला. माझ्या वडिलांना अशीच कानाखाली गाठ आहे, पण त्यांचा त्याच बाजूचा डोळा गेले काही आठवडे नीट मिटत नाही आणि तोंड हळूहळू ओढलं जातंय. जवळच्या डॉक्टरांनी बेल्स पाल्सी म्हणून गोळ्या दिल्या. थांबून बघावं का?

---

शल्यक

आडवाट, थांबू नका. बेल्स पाल्सी एकदोन दिवसांत पूर्ण येते, आठवडे घेत हळूहळू वाढत नाही. गाठ आणि त्याच बाजूचा चेहरा कमजोर हे एकत्र असेल तर कॅन्सर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. याच आठवड्यात डोकं-मानेच्या सर्जनना दाखवा, एमआरआय आणि सुईची तपासणी करून घ्या. डोळ्याचे थेंब आणि रात्रीचं मलम आजपासून.

---

अबोल_२

आडवाट, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. कुठल्या तपासण्या आधी झाल्या, कुठे वेळ गेला, सगळं सांगतो.